न उघडलेली पाकिटे

महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई गेली वीस वर्षे माझ्या दवाखान्यात येतात. वय बहात्तर. रक्तदाबाची एक गोळी, थायरॉइडची एक गोळी आणि दर महिन्याला न चुकता तपासणी, असा त्यांचा शिरस्ता. त्यांचा रक्तदाब इतका नियमित की यंत्र लावण्यापूर्वीच मी आकडा सांगू शकेन. गेल्या हिवाळ्यात एके दिवशी मात्र यंत्राने १८०/११० दाखवले. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा पाहिले, तरी फारसा फरक पडला नाही.

“गोळ्या चुकल्या का, बाई?”

“नाही हो डॉक्टर.”

“झोप लागते?”

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पिशवीतून मोबाइल काढून त्यांनी एका कागदाचे छायाचित्र माझ्यासमोर धरले. “एवढं वाचून सांगता का? इंग्रजी मला येतं, पण हे इंग्रजी वेगळं आहे.”

ते इंग्लंडमधील एका कोर्टाचे पत्र होते. घराचे भाडे थकल्यामुळे घराचा ताबा मिळावा, असा दावा तेथील कौन्सिलने दाखल केला होता आणि सुनावणीची तारीख तीन आठवड्यांवर आली होती. प्रतिवादी म्हणून नाव होते ते बाईंच्या थोरल्या भावाचे.

(ही हकिकत बहीण-भाऊ दोघांच्याही परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

दादा १९६८ साली, बाविसाव्या वर्षी, विलायतेला गेले. कारखान्यात नोकरी, मग लग्न, दोन मुले, आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ कौन्सिलच्या एकाच घरात वास्तव्य. आपल्याकडे जशी महापालिका, तशी तिकडे कौन्सिल. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली झालेल्या कायद्याने सामान्य कुटुंबांसाठी घरे बांधण्याचे काम सरकारी मदतीने या कौन्सिलांकडे आले आणि पुढील काळात अशी लाखो घरे उभी राहिली. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना ती घरे सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. पुष्कळांनी ती घेतली. दादांनी घेतली नाही. ‘भाडं वेळेवर भरतो, मला कोण काढणार?’ असे ते बहिणीला म्हणत. त्यात चूक काहीच नव्हते. भाडे खरोखरच वेळेवर जात होते, कारण ते वहिनी भरत होत्या.

वहिनी दीड वर्षापूर्वी गेल्या. घरातील प्रत्येक पत्र उघडणे, वाचणे, उत्तर देणे आणि फाइलला लावणे हे त्यांचे काम होते. त्यांच्या मागे ते कोणाचेच राहिले नाही. त्यातच थोरला मुलगा संसार मोडल्यामुळे वडिलांकडे राहायला आला. तो गोदामात रात्रपाळीला जाई, घरखर्चाला हातभार लावी, वडिलांना जेवण करून ठेवी. भाड्याचा प्रश्न असू शकतो, हे त्याच्या मनातही आले नाही. एके दिवशी बटण शिवायला दोरा हवा म्हणून त्याने आईच्या शिलाई मशीनचा खण उघडला. आत तीसेक पाकिटे होती. एकही उघडलेले नव्हते. सर्वांत वरचे कोर्टाचे होते. त्याने त्याचा फोटो काढून रात्री दोन वाजता पुण्याला पाठवला आणि खाली लिहिले, ‘आत्या, बाबांना सांगू नकोस मी सांगितलं म्हणून.’

तेव्हापासून आमच्या बाईंना झोप नव्हती.

त्यांनी मनाशी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. पहिली म्हणजे बँकेतील ठेव मोडून दीड लाख रुपये भावाला पाठवायचे. थकबाकी जवळपास चौदाशे पौंडांची होती. आणि दुसरी, भावाने फोनवर जे सांगितले त्याला होकार द्यायचा. दादा म्हणाले होते, “कोर्टाची पायरी मी आयुष्यात चढलो नाही. तारखेच्या आधी किल्ल्या नेऊन देतो आणि तुझ्याकडे येतो. राहिलेत किती दिवस?”

बाईंचे घर तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीचे, लिफ्ट नसलेले. “पण भावाला नाही कसं म्हणू, डॉक्टर?”

छातीत दुखणे, धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काही नव्हते. मी गोळीचा डोस लगेच वाढवला नाही. “दोन दिवस द्या मला,” मी म्हणालो. “तोवर ठेव मोडायची नाही आणि दादांना किल्ल्या देऊ द्यायच्या नाहीत. परवा पुन्हा या, रक्तदाब पाहू.”

माझा वैद्यकीय महाविद्यालयातील एक वर्गमित्र पंचवीस वर्षे इंग्लंडमध्ये माझ्यासारखाच फॅमिली डॉक्टर आहे. त्या रात्री मी त्याला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न होता, “सुनावणीची तारीख काय?” दुसरा होता, “म्हातारबुवांना कोणी तपासलंय का?” दोन्ही प्रश्न मला वाचकांपर्यंत पोहोचवायचे आहेत, म्हणून हा लेख.

प्रथम तारखेविषयी. कौन्सिलला भाडेकरूला परस्पर घराबाहेर काढता येत नाही. आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि तिची मुदत सर्वसाधारणपणे किमान चार आठवड्यांची असते. त्यानंतर कोर्टात दावा, मग सुनावणी. १९८५ च्या हाउसिंग ॲक्टनुसार कौन्सिलच्या कायम भाडेकरूचे घर केवळ भाडे थकले म्हणून आपोआप जात नाही. घर काढून घेणे त्या परिस्थितीत वाजवी आहे, असे न्यायाधीशांना पटावे लागते. ते सुनावणी पुढे ढकलू शकतात, किंवा चालू भाडे आणि थकबाकीचा परवडेल असा हप्ता भरत राहिल्यास घर राहील, असा आदेश देऊ शकतात. अगदी बेलिफ येण्याची वेळ आली, तरी त्याची लेखी सूचना किमान चौदा दिवस आधी द्यावी लागते आणि त्या दिवसांतही ती कारवाई थांबवण्यासाठी कोर्टाकडे अर्ज करता येतो. दावा लावण्यापूर्वी भाडेकरूशी बोलणे, त्याला झेपेल असा हप्ता ठरवणे, भत्त्यांच्या अर्जात मदत करणे आणि तो वयामुळे किंवा आजारामुळे असमर्थ आहे का हे पाहणे, अशी नियमावलीही तेथील कौन्सिलांना घालून दिलेली आहे. थोडक्यात, या वाटेवर थांबण्याची ठिकाणे बरीच आहेत. पण पाकीट उघडणाऱ्यालाच ती दिसतात.

मदत मागण्याचीही सोय आहे. घर जाण्याची लेखी सूचना हाती आलेल्या व्यक्तीला इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑगस्ट २०२३ पासून, उत्पन्न किती हे न पाहता, सरकारी खर्चाने कायद्याचा सल्ला मिळतो. सुनावणीच्या दिवशी कोर्टातही असा सल्लागार उपलब्ध असतो. ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ आणि ‘शेल्टर’ या संस्था विनामूल्य मार्गदर्शन करतात. कर्जे थकलेल्यांना सावकारांच्या तगाद्यापासून साठ दिवस उसंत देणारी ‘ब्रीदिंग स्पेस’ नावाची योजनाही २०२१ पासून तेथे आहे. त्या काळात चालू भाडे मात्र भरावेच लागते.

“आणि किल्ल्या देऊन टाकल्या तर?” मी विचारले.

मित्र जवळजवळ ओरडलाच. “मुळीच नाही! स्वतःहून घर सोडलं तर ‘तुम्ही आपण होऊन बेघर झालात’ असं कौन्सिल म्हणू शकतं. मग पुढं कायमचं घर देण्याची जबाबदारी त्यांच्यावर राहत नाही.” भारतात येऊन राहण्याचा विचारही भावनेच्या भरात करण्यासारखा नव्हता. ब्रिटनचे सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्याला मिळते, पण त्यात दरवर्षी होणारी वाढ मिळत नाही. ज्या रकमेवर माणूस येथे आला, तेथेच ते गोठते. उत्पन्न पाहून मिळणारे तेथील भत्ते बंद होतात. आणि ज्या मोफत आरोग्यसेवेवर दादांचे औषधपाणी चालले होते, तिचा परदेशी कायम राहणाऱ्याला हक्क उरत नाही. मधुमेही, एकोणऐंशी वर्षांचा माणूस, तिसरा मजला, आणि सांभाळणारी बहात्तर वर्षांची रक्तदाबाची रुग्ण. हे चित्र मी डॉक्टर म्हणून पाहिले, तेव्हा मला घरापेक्षा दोन जिवांची काळजी वाटली.

भाडे मुळात थकले कसे, हेही मित्राने नीट उलगडले. निवृत्तीच्या वयाच्या, कमी उत्पन्नाच्या भाडेकरूला तेथे भाड्यासाठी ‘हाउसिंग बेनिफिट’ मिळते. पण घरात कमावते प्रौढ अपत्य राहू लागले, तर ते भाड्याला हातभार लावत असेल असे धरून त्या भत्त्यात कपात होते. मुलगा वडिलांच्या आधाराला आला आणि त्याच्या येण्यानेच भत्ता कमी झाला. तसे कळवणारे पत्र खणात पडून राहिले. दुसरीकडे वहिनींचे पेन्शन थांबल्याने घरातील उत्पन्न घटले होते. तेव्हा एकट्या वृद्धाला मिळू शकणाऱ्या ‘पेन्शन क्रेडिट’साठी अर्ज करता आला असता. तोही झाला नाही. म्हणजे ज्या कपातीचे कारण मुलाने समजून घ्यायला हवे होते ती होत राहिली आणि जी मदत मागता आली असती ती मागितलीच गेली नाही. अशा स्थितीत बाईंनी दीड लाख पाठवले असते, तर थकबाकी त्या दिवसापुरती फिटली असती आणि पुढच्या आठवड्यापासून पुन्हा साचू लागली असती. तळाला भोक असलेली घागर भरण्याआधी भोक बुजवावे लागते.

आता मित्राच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. तो माझ्या व्यवसायाचा आहे.

आयुष्यभर पै-पैचा हिशोब ठेवणारा माणूस एकाएकी पत्रे उघडणे बंद करतो, तेव्हा घरचे लोक त्याला हट्टी, आळशी किंवा बेफिकीर म्हणतात. फार थोड्यांच्या मनात येते की हे लक्षण असू शकेल. पैशाचे व्यवहार हे मेंदूसाठी फार गुंतागुंतीचे काम आहे. तारीख लक्षात ठेवणे, आकडे पडताळणे, काय आधी आणि काय नंतर हे ठरवणे, आणि कंटाळवाणे काम सुरू करून शेवटास नेणे, या सगळ्या क्षमता एकाच वेळी लागतात. म्हणून स्मृतिभ्रंशाच्या वाटेवर हे काम पुष्कळदा सर्वांत आधी बिघडते. माणूस गप्पा छान मारतो, जुन्या आठवणी सांगतो, पण बिले थकतात. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, एकट्या राहणाऱ्या वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याच्या सहा वर्षे आधीपासूनच देणी चुकू लागल्याचे आढळले होते.

परंतु थकलेले प्रत्येक बिल म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे, हे मी तितक्याच ठामपणे सांगेन. जोडीदाराच्या मृत्यूनंतरचे नैराश्य हुबेहूब असेच दिसते: कशातच मन लागत नाही, साधे कामही डोंगराएवढे वाटते, आणि ‘बघू उद्या’ म्हणता म्हणता महिने जातात. मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही आणि तसे सांगायला माणूस लाजतो. थायरॉइडचे कार्य मंदावले, ऐकू येईनासे झाले, झोपेची गोळी अति झाली, तरी विचार मंद होतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या शरीरात ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. त्यानेही थकवा, विसराळूपणा आणि उदासी येते. यांतील बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. म्हणूनच तपासणी हवी.

शिवाय लपवलेल्या कर्जाचा शरीरावर होणारा परिणाम वेगळाच. झोप उडते, रक्तदाब चढतो. तंगी असली की वृद्ध माणूस पहिली काटकसर स्वतःच्या ताटात करतो. इंग्लंडमध्ये साठीपुढील व्यक्तींना डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे विनामूल्य मिळतात; त्यामुळे दादांची मधुमेहाची गोळी व्यवस्थित चालू होती. पण मुलगा कामावर गेला की ते घर गरम ठेवण्याचे यंत्र बंद करीत आणि रात्री चहा-बिस्किटावर भागवीत. साखर उतरवणारी गोळी पोटात आणि पोट रिकामे, तेही थंडीत. मधुमेही वृद्ध पहाटे घाम फुटून किंवा भोवळ येऊन पडतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. दादा दोनदा पडले होते. तेही त्यांनी कोणाला सांगितले नव्हते.

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका रुग्णाच्या घराची वीज बिल न भरल्यामुळे तोडली गेली. गृहस्थ लेखा विभागातून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नीने तक्रारीच्या सुरात मला हे सांगितले तेव्हा मी हसून म्हणालो, “काका, तुम्ही हिशोबनीस आणि तुमचंच बिल राहिलं?” काकाही हसले. मी रक्तदाब पाहिला, औषध लिहिले आणि विषय संपवला. दोन वर्षांनी ते दवाखान्यातून घरी जाण्याची वाट चुकले, तेव्हा निदान झाले. ती दोन वर्षे लवकर कळले असते, तर आजार टळला नसता. पण बँकेचे व्यवहार, औषधे, मुलांशी बोलणे, सगळे त्यांना स्वतःच्या मर्जीने लावून ठेवता आले असते. तेव्हापासून मी वयस्क रुग्णांना ‘भूक कशी, झोप कशी’ याबरोबर ‘बिलं कोण भरतं?’ असेही विचारतो.

पुण्याहून आम्ही करण्यासारखे फार नव्हते. पण जे होते ते केले. बाईंनी भावाशी बोलावे, असे ठरले. काय बोलावे हा मोठा प्रश्न होता. “दादा, हे कसं झालं?” असे विचारले असते तर त्यांनी फोन ठेवला असता. आपल्या लोकांत भाडे थकणे म्हणजे अब्रू जाणे. झाकली मूठ सव्वा लाखाची, या शिकवणीत वाढलेली ही पिढी. बाई शिक्षिका होत्या. त्यांनी वेगळी वाट काढली. त्या म्हणाल्या, “दादा, वहिनी गेल्यावर तिचं काम तुझ्या अंगावर पडलं, आणि आम्हा कोणाला ते सुचलं नाही. आपण ती पाकिटं एकत्र उघडू. तू फोन समोर ठेव. मी येथे बसते.”

त्या रविवारी भाच्याने एकेक पाकीट उघडले, तारखेनुसार लावले, आणि आत्याने पुण्यात वहीत नोंद केली. साडेतीन तास लागले. दादा बहुतेक वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, “उघडलं नाही तर आलंच नाही असं वाटायचं गं.” बाई मला हे सांगताना रडल्या, आणि मला वाटते, त्या दिवसापासून त्यांचा रक्तदाब उतरू लागला.

दुसऱ्या दिवशी भाच्याने कौन्सिलला आणि सल्ला देणाऱ्या संस्थेला फोन केला, आणि दादांना त्यांच्या डॉक्टरांकडे नेले. तेथील बऱ्याच दवाखान्यांशी आता ‘लिंक वर्कर’ जोडलेले असतात. घर, पैसा, एकटेपणा अशा औषधाने न सुटणाऱ्या अडचणींत रुग्णाला योग्य ठिकाणी पोहोचवणे, हे त्यांचे काम. तपासणीत दादांचे ब-१२ कमी निघाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि नैराश्य तर स्पष्टच होते. स्मरणशक्तीच्या चाचणीत थोडी उणीव दिसली. उपचारानंतर ती पुन्हा करायची ठरली. डॉक्टरांनी या सर्वांचे पत्र कोर्टासाठी दिले.

सुनावणीला भाचा वडिलांबरोबर गेला. मोफत सल्लागाराने त्यांची बाजू मांडली: पेन्शन क्रेडिटचा अर्ज केला आहे, हाउसिंग बेनिफिटची फेरतपासणी मागितली आहे, मुलगा दर आठवड्याला ठरावीक रक्कम देईल. चालू भाडे आणि छोटा हप्ता जाईल तोवर घर राहील, असा आदेश झाला. पुढे आणखी एक उपयोगी गोष्ट कळली. रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागणाऱ्या वृद्धांना तेथे ‘अटेंडन्स अलाउन्स’ मिळतो. त्यासाठी उत्पन्न पाहिले जात नाही. मदतीची गरज किमान सहा महिन्यांची असावी लागते. आणि तो सुरू झाला की घरात राहणाऱ्या मुलामुळे होणारी हाउसिंग बेनिफिटमधील कपात थांबते. दादांना तो वसंत ऋतूत मंजूर झाला.

सगळे छान झाले, असे मी म्हणणार नाही. थकबाकी अजून फिटायची आहे. एक हप्ता चुकला तरी प्रकरण पुन्हा उभे राहू शकते. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याची व्हायची आहे. स्मरणशक्तीची दुसरी चाचणी पहिलीपेक्षा बरी आली, तरी पूर्ण समाधानकारक नाही. पण दादा त्यांच्या घरात आहेत, बाईंची ठेव बँकेत आहे, आणि दर रविवारी पुण्याच्या वेळेनुसार संध्याकाळी पाच वाजता बहीण-भाऊ फोनवर टपाल वाचतात.

आपल्यापैकी अनेकांची भावंडे, मुले, मित्र परदेशात आहेत. पण हा धडा तेवढ्यांसाठी नाही. आपल्याकडेही भाड्याच्या घरात म्हातारपण काढणारे पुष्कळ आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार, त्या कायद्याखालील भाडेकरूवर थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी घरमालकाला लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते. दावा झाल्यावरही, समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सर्व थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, पुढील भाडे दावा संपेपर्यंत नियमित भरले आणि कोर्ट सांगेल तो खर्च दिला, तर त्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. सरकारच्या किंवा महापालिकेच्या मालकीच्या घरांना हा कायदा लागू नाही. तेथे नियम आणि मुदती वेगळ्या असतात, म्हणून अशी नोटीस आली तर त्याच आठवड्यात वकिलाला दाखवावी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यांचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा मदत क्रमांक १४५६७ आहे.

काळजी घेणाऱ्या वाचकांना माझे चार शब्द:

१. घरातील वृद्ध जोडप्यापैकी एक जण गेला, की महिनाभरात शांतपणे विचारा: भाडे, वीज, सोसायटी, बँक, औषधे यांतील कोणते काम गेलेल्या व्यक्तीकडे होते? ते आता कोणाकडे आहे?

२. पडून राहिलेले टपाल, दोनदा भरलेले बिल, तुटलेली वीज किंवा फोन, ओळखीच्या दुकानात उधारी, अनोळखी माणसाला दिलेले पैसे, यांपैकी काही दिसले तर रागावू नका. डॉक्टरांना सांगा. डोळे, कान, साखर, थायरॉइड, ब-१२, मनाची स्थिती आणि स्मरणशक्ती एवढे तपासून घ्या.

३. मदत म्हणून सगळे कागद हातातून काढून घेऊ नका. शेजारी बसा. सही त्यांची, वाचन दोघांचे.

४. नोटीस आली तर आधी मुदतीची तारीख मोठ्या अक्षरांत लिहा. पैसे नंतर, घर सोडण्याचा विचार त्याहून नंतर.

आणि ‘आता जगण्यात काय राहिलंय’ असे शब्द कानावर आले, तर ते वयाचे बोलणे समजून सोडून देऊ नका. सरळ विचारा, एकटे ठेवू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

ज्येष्ठ वाचकांनो, तुमच्यासाठी एवढेच. तुमच्याही घरात असा एखादा खण असेल, तर आज संध्याकाळी तो उघडा. एकट्याने नको वाटत असेल, तर कोणाला तरी बोलावून घ्या. आणि कोणीच नसेल, तर ती पाकिटे पिशवीत घालून तुमच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. रक्तदाब मोजण्याआधी ती पाहायला आम्हांला मुळीच कमीपणा वाटणार नाही.